पुरुमेंताच्या उरल्यासुरल्यातली खेळणी

मे महिन्यात गोव्यात आमच्या माशेलात कुणाच्याही घरी जा, अंगणात काही ना काही वाळत घातलेलं दिसतंच. सोलं म्हणजे आमसुलं, आंबोशी, फोडलेली चिंच, मिरच्या, फणसाची साटं, बिकणां म्हणजे फणसाच्या आठळ्या. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरायचे हे दिवस, घरातल्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमकी याच महिन्यात मुलांना सुट्टी. मी शिवणकाम करते. जूनच्या आधी गणवेश हवे असतात, त्यामुळे माझं मशीन सकाळपासून चालू असतं. तरीही दुपारी जेवणं आटोपली की वाड्यावरची मुलं माझ्याच पडवीत येऊन बसतात, कारण मशीनखाली एक पत्र्याची पेटी आहे आणि ती त्यांच्यासाठी उघडी असते.

पेटीत मोठं काही नाही. रिकामी रिळं, कातरण, तुटलेली बटणं, रबरबँड, संपलेल्या पेनांच्या रिफिली, मेणबत्तीचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या लग्नपत्रिका, बाटल्यांची झाकणं. बाकीचं अंगणातून येतं: करवंट्या, हीर (माडाच्या पातीची मधली काडी), कोयी, चिंचोके, शिंपल्या. बाजारात हल्ली क्राफ्टची तयार पाकिटं मिळतात, आत सगळे तुकडे मोजून कापून ठेवलेले. मला ती आवडत नाहीत. त्यात मुलाने ठरवायचं असं काही शिल्लकच राहत नाही. आणि तयार झालेली वस्तू कपाटावर जाऊन बसते.

माझ्या पडवीत एकच नियम आहे. जे बनवाल ते चाललं पाहिजे, वाजलं पाहिजे, तरंगलं पाहिजे किंवा उडलं पाहिजे. याचं कारण मला बऱ्याच वर्षांच्या पाहण्यातून कळलं आहे. शोभेची वस्तू केली की मूल लगेच मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं, छान झालंय का म्हणून. आपण छान म्हटलं की विषय संपला. गाडी केली तर आमच्या तोंडाकडे बघायची गरज पडत नाही. ती चालते किंवा चालत नाही. चालली नाही तर मूल ती उलटी करतं, रबर बघतं, चाक बघतं, पुन्हा जमिनीवर ठेवतं. त्या वेळी त्याच्या कपाळावर जी आठी असते ती मला फार मोलाची वाटते.

म्हणून पहिली गाडीच. शिवणाऱ्या घरात रिळांना तोटा नाही. पूर्वी लाकडी असायची, आता प्लास्टिकची, दोन्ही चालतात. रिळाच्या भोकातून एक रबरबँड ओवायचा. एका बाजूला त्याच्या फासात काडेपेटीच्या काडीचा छोटा तुकडा अडकवायचा, रिळाच्या कडेबाहेर येणार नाही इतका, आणि चिकटपट्टीने तो पक्का करायचा, म्हणजे तो फिरणार नाही. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची एक चकती. मेणबत्ती सुरीने आडवी कापून पाव इंच जाडीची चकती घ्यायची, वात काढली की मधोमध भोक आपोआप मिळतं, तेच थोडं मोठं करायचं. रबर त्या भोकातून बाहेर काढायचं आणि त्याच्या फासात लांब काडी घालायची, रिफील किंवा जाडसर हीर. झाली गाडी. लांब काडी फिरवत रबराला पीळ द्यायचा, जमिनीवर ठेवायची आणि सोडायचं. पीळ सुटू पाहतो, पण काडीचं टोक जमिनीला टेकलेलं असल्याने काडीला फिरता येत नाही, म्हणून रीळ फिरतं आणि गाडी पुढे सरकते. मेणाची चकती कशासाठी, हे मुलांना मी सांगत नाही. चकती न घालता एक गाडी करून बघा म्हणते. काडी रिळाला घासून अडते, नाहीतर एका झटक्यात पीळ सुटून जातो. मेण बुळबुळीत असल्यामुळे पीळ हळूहळू सुटतो, हे त्यांचं त्यांनाच कळतं.

प्लास्टिकचं रीळ गुळगुळीत लादीवर जागच्या जागी फिरत राहतं. शेजारच्या धाकट्याने यावर स्वतःच उपाय काढला. रिळाच्या दोन्ही कडांवर एकेक रबरबँड गुंडाळला आणि ओरडला, "मावशे, पळय, चलता!" त्यानंतर सगळ्या गाड्यांना टायर बसले. मग चढाव आला. शिवणाची जाड पट्टी पुस्तकावर तिरकी ठेवून कुणाची गाडी किती वर जाते ते बघायचं. जास्त पीळ म्हणजे जास्त जोर, हे खरं, पण एका मर्यादेनंतर रबर गाठी पाडतं आणि गाडी धक्के खात जाते. ती मर्यादा प्रत्येक रबराची वेगळी असते आणि मुलांना आपापल्या रबराची नेमकी माहीत असते.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी म्हटलं की अरविंद गुप्ता यांचं नाव घ्यायलाच हवं. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस आयुष्यभर काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं यांतून मुलांना विज्ञान शिकवत राहिला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्हच्या नळीचे अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांत काडेपेटीच्या काड्या घालायच्या, ही त्यांचीच युक्ती. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी बदलत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो. घराच्या छपराची कैची त्रिकोणीच का असते, हे आठ वर्षांच्या मुलाला बोटांनी कळतं. काड्यांचं गुलाचं टोक तेवढं आधी खरवडून टाका.

चिकटवायला मी गोंदाच्या बाटल्या आणत नाही. खळ घरीच करते. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायचं. आमच्या हवेत ही खळ दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारू लागते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची. बुकबाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. तो विषारी आहे, मुलांच्या खळीत तो अजिबात नको. आणि एक, मे महिन्यातल्या दमट हवेत खळ वाळायला वेळ लागतो. सकाळी चिकटवलेलं संध्याकाळी हातात घ्यायचं, ही शिस्त मुलांना सुरुवातीलाच लावावी लागते.

आता वाजणाऱ्या वस्तू. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतली मासळी खाऊन झाली की शिंपल्या फेकू नका. साबणाच्या पाण्यात उकळून, घासून, उन्हात तीन-चार दिवस ठेवल्या की वास जातो. भोक पाडायला ड्रिल लागत नाही, खिळाही नको, खिळ्याने शिंपली फुटते. शिंपलीच्या मागचा, दोन भाग जिथे जोडलेले असतात तिथला फुगीर उंचवटा खडबडीत जांभ्या दगडावर थोडं पाणी टाकून घासत राहायचा. पाच-सात मिनिटांत तो झिजतो आणि नीटस गोल भोक उघडं पडतं. पाच वर्षांचं मूलही हे करू शकतं, आणि त्यात ते इतकं रमतं की घरात शांतता होते. मग नायलॉनच्या दोऱ्यात गाठी मारत शिंपल्या ओवायच्या आणि पाच-सहा सर एका करवंटीच्या कडेला बांधून खिडकीत टांगायचे. सर एकमेकांपासून किती अंतरावर हवेत, हे वारा ठरवतो. लांब असले तर वाजत नाहीत, फार जवळ असले तर गुंततात.

घुमट हे वाद्य मात्र आमच्या मुलांचं सगळ्यात लाडकं. चतुर्थीला घरोघरी आरतीला घुमट, ढोलासारखं शामेळ आणि झांजांसारखं कासाळं वाजतात, त्यामुळे तो ठेका मुलांच्या अंगात जन्मापासून असतो. खरं घुमट मातीचं, दोन्ही बाजूंना तोंड असलेलं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. वाजवणारा उजव्या हाताने कातड्यावर थाप मारतो आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकतो-उघडतो, त्यातून तो घुमणारा आवाज निघतो. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपड मारायला बंदी आली आणि आता बकऱ्याचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

मुलांचं घुमट पाण्याच्या बाटलीतून होतं. जाड प्लास्टिकची बाटली मधोमध आडवी कापायची, हे काम मोठ्या माणसाचं. वरचा, गळ्याकडचा भाग घ्यायचा. बघा, आकार आपोआप घुमटाचा आलाच: एक मोठं तोंड, एक लहान. कापलेल्या कडेवर चिकटपट्टी फिरवायची, म्हणजे बोट कापणार नाही आणि फुगाही फाटणार नाही. मोठ्या फुग्याचा देठ कापून टाकायचा, उरलेला भाग ताणून मोठ्या तोंडावर बसवायचा, वरून रबरबँड, त्यावर सुतळीचे चार वेढे. झाकण काढलेला गळा डाव्या तळव्यात धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी फुग्यावर थाप. तळवा दाबला तर आवाज बंद, सोडला तर मोकळा. दोन पत्र्याची झाकणं घेतली की कासाळं झालं, उलटा डबा झाला की शामेळ. दुपारी तीन वाजता ही सुवारी, म्हणजे या वाद्यांचं एकत्र वादन, सुरू झाली की वाड्यावरच्या आजी झोपमोड झाली म्हणून येतात आणि मग ठेका चुकतोय म्हणून स्वतःच खाली बसून शिकवतात. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे तिथे फुग्याचे तुकडे लगेच उचलून टाका. ते घशात अडकतात.

चिंच फोडून झाली की चिंचोक्यांचा ढीग पडतो. त्यातले चांगले टपोरे निवडून दगडावर एका बाजूने घासायचे. वरचं तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. एक बाजू काळी, एक पांढरी, झाले फासे. चार फासे लागतात. पट मी जाड कापडाच्या तुकड्यावर शिवून देते, पाच घरं आडवी, पाच उभी, चारही कडांच्या मधल्या घरात आणि मधोमध फुली. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही काळे पडले तर आठ. ज्याला शिवायचं आहे त्याने स्वतः धावदोऱ्याने रेघा घालाव्यात. सात-आठ वर्षांच्या मुलग्यांनाही मी सुई धरायला लावते आणि ते छान शिवतात. सोंगट्यांना तुटलेली बटणं. हा पट एकदा झाला की पावसाळाभर पुरतो.

कोयींचं काय करायचं हे मानकुराद आंबे चोखणाऱ्या कुणालाही सांगायला नको. चोखून, धुऊन, उन्हात वाळवली की कोयीच्या रेषा केसांसारख्या मोकळ्या होतात. जुन्या दातघासणीने विंचरल्या की दाढीवाले आजोबा तयार. हीर खोचून त्याची बाहुली करता येते, ती पुढच्या खेळात कामाला येते. करवंट्यांचे खडावे तर सोपेच. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो. डोळ्यांकडच्या दोन करवंट्या घ्यायच्या, कडा जांभ्यावर घासून गुळगुळीत करायच्या, भोकातून काथ्याची दोरी ओवून आत गाठ. वर उभं राहून दोऱ्या हातात धरायच्या आणि चालायचं. टाप-टाप आवाज येतो. दोरी मुलाच्या कमरेपर्यंत यायला हवी, त्याहून आखूड झाली तर वाकून चालावं लागतं आणि तोल जातो.

पुढचा खेळ मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले. काच दुर्मीळ होती तेव्हा लोकांनी समुद्रातल्या या चपट्या शिंपल्यांतून उजेड घरात घेतला. दुपारचं ऊन त्यातून गाळून आत येतं, डोळ्यांना टोचत नाही. या खिडक्या आता कमी होत चालल्या आहेत. कुणाच्या घरी असतील तर मुलांना मुद्दाम नेऊन, जवळून दाखवा.

तशी खिडकी कागदाची करता येते. साधा पांढरा कागद घ्यायचा, त्याला कापसाच्या बोळ्याने खोबरेल लावायचं, आणि जास्तीचं तेल जुन्या कापडाने टिपून घ्यायचं. बघता बघता कागद अर्धपारदर्शक होतो. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेल त्या फटींत शिरलं की उजेडाला सरळ वाट मिळते. बटाटेवड्याच्या कागदावर डाग पडतो तो असाच. आइस्क्रीमच्या काड्यांची आडवी-उभी चौकट करून त्यामागे हा कागद लावला की शिंपल्यांची खिडकी झाली.

पण माझा नियम लक्षात आहे ना? नुसती खिडकी करून चालत नाही. तर बुटांच्या खोक्याचा तळ कापून तिथे तेलाचा कागद लावायचा, काड्या न लावता. मागून टॉर्च. मध्ये हिराच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चित्रं आणि आपले कोयीचे आजोबा. झालं सावल्यांचं नाटक. मे महिन्यात संध्याकाळी लाईट गेली की आमच्याकडे आता कुणी चिडत नाही. बाहुली पडद्याच्या जवळ नेली की सावली लहान आणि स्पष्ट, टॉर्चच्या जवळ नेली की मोठी आणि पुसट. राक्षस मोठा व्हायला हवा असेल तर त्याला मागे न्यायचा, हे भाचीच्या मुलीने शोधलं आणि मग तिचा राक्षस सगळ्यांना घाबरवत सुटला. गोष्ट तयार केलेली नसतेच. बाहुल्या हातात घेतल्या की कोण कुठे चाललंय ते सुचत जातं. नाटक कोकणीत, निवेदन मराठीत, आणि भांडण झालं तर दोन्हीत.

सावल्यांचा हा खेळ आपल्या शेजारचाच आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गोव्याहून कुडाळला रेल्वेने किंवा बसने सहज जाता येतं. मुलांनी आधी घरी खोक्यातलं नाटक केलेलं असेल तर तिथल्या बाहुल्या पाहताना ती वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. ती बाहुलीऐवजी हात बघतात.

एका गोष्टीसाठी मी नियम बाजूला ठेवते. ती म्हणजे कावी. गोवा आणि कोकणातल्या काही जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव मिसळलेला थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. कंपासने काढलेली वर्तुळं, कमळं, वेली, पक्षी. रंग दोनच, पण डोळा हलत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा भिंतींवर ऑइलपेंट चढतो किंवा लाद्या बसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. मुलांच्या हाताला ही कला माहीत झाली तर पुढे ती भिंत पुसणाऱ्याला कुणीतरी थांबवेल, असं मला वाटतं.

घरगुती कावीसाठी जुनी लग्नपत्रिका घ्यायची, तिची कोरी पांढरी बाजू. त्यावर पांढरी मेणबत्ती दाबून सगळीकडे घासायची, कुठे मोकळं राहू द्यायचं नाही. लाल रंग अंगणातच आहे. आपल्या मातीला तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. माती वाळवून, कुटून, मलमलच्या कापडातून चाळायची. ती बारीक पूड थोड्या खळीत कालवायची आणि त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकायचा. हा थेंब महत्त्वाचा. तो नसला तर रंग मेणावर टिकत नाही, गोळा होऊन ओघळतो. दोन हात द्यायचे, सावलीत वाळवायचं आणि मग संपलेल्या रिफीलच्या टोकाने किंवा हिराने खरवडायचं. वर्तुळासाठी दोऱ्याच्या एका टोकाला टाचणी आणि दुसऱ्याला रिफील. खरवडलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून मूल आधी विचार करतं, हात थोडा वेळ हवेत धरून ठेवतं. मोबाइलवर चित्रं काढून पुन्हा पुन्हा पुसणाऱ्या मुलांना हे थांबणं नवीन असतं.

रंगांचा आणखी एक खेळ, अगदी थोडक्यात. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. साबणाच्या पाण्याने त्यावर ब्रशने लिहा, अक्षरं लाल उमटतात. वरून सोलांचं आंबट पाणी किंवा लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी. गुप्त निरोप पाठवायला उत्तम. पानाचा चुना यासाठी वापरू नका, तो हातांना आणि डोळ्यांना पोळतो.

पोळण्यावरून आठवलं. काजूच्या कच्च्या बिया दिसायला सुबक, आणि त्यांवर डोळे-तोंड काढून बाहुल्या करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. टरफलातल्या तेलाने कातडीवर फोड येतात. तीच हौस बिकणांवर भागवा. माती लावून वाळवलेली बिकणं पुसली की हलक्या रंगाची, गुळगुळीत असतात आणि त्यांवर पेनाने छान उमटतं.

पाण्यावरच्या वस्तूंसाठी आमच्याकडे तयार आदर्श आहे. पलीकडे कुंभारजुव्याला गणपती विसर्जनाचं सांगोड निघतं, होड्या एकत्र बांधून त्यावर देखावे उभे केलेले. दोन होड्याच का बांधतात, हे मुलांनी टबात शोधलं. एक बंद बाटली पाण्यात टाका आणि तिच्यावर कोयीचे आजोबा उभे करा. बाटली लगेच फिरते आणि आजोबा पाण्यात. दोन बाटल्या थोड्या अंतरावर ठेवून वरून आइस्क्रीमच्या काड्यांनी किंवा सरळ फांद्यांनी बांधा, रबरबँडनेच बांधता येतं. आता चार बाहुल्या उभ्या केल्या तरी सांगोड हलत नाही. बाटल्यांच्या मागे दोन काड्या बाहेर आलेल्या ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये रबरबँड ताणून त्यात प्लास्टिकचा चौकोनी तुकडा अडकवला, तर पीळ देऊन सोडल्यावर तो वल्ह्यासारखा फिरतो आणि सांगोड टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. उलटा पीळ दिला तर उलटं जातं. टबातच खेळा, नदीवर किंवा खाडीवर मोठं माणूस सोबत नसेल तर मुलांना पाठवू नका.

माडाच्या पातीचं भिरभिरं, पिपाणी, घड्याळ हे सगळं शिकवायला मी घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवते. ते त्यांचंच काम. ज्यांना आयुष्यात कधी कागदाची फुलं जमली नाहीत असे आजोबा पातीच्या दोन पट्ट्या अशा झटकन गुंफतात की मुलं बघतच राहतात. पात हिरवीच हवी, वाळलेली मोडते. हिरावर बसवून वाऱ्यात धरलं आणि ते फिरू लागलं की "घुंवता, घुंवता!" म्हणत सगळी अंगणभर धावतात.

आयांना एक सांगणं आहे, आणि हे मी कळकळीने सांगते. मूल काहीतरी करत असताना हात पुढे करू नका. सुरी आणि कापणं तुमचं, बाकी त्याचं. चिकटपट्टी वाकडी लागली तर लागू दे. गाडी डावीकडे वळते कारण एका चाकाचा टायर जाड आहे, हे तुम्हाला दिसतं, पण ते त्याला दिसायला दहा मिनिटं लागणार आहेत. ती दहा मिनिटं त्याची आहेत. माझ्याकडे आलेल्या एका आईने मुलीच्या हातातून घुमट घेऊन फुगा नीट ताणून दिला. घुमट छान वाजलं, आणि मुलगी उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने बसून नवीन केलं, ते थोडं ढिलं वाजतं, पण ती चतुर्थीपर्यंत ते सांभाळून ठेवणार आहे म्हणते.

सध्या मोठ्या मुलांचं दोन रिळांच्या गाडीवर चाललं आहे. दोन्ही रिळांना वेगळं रबर लावून पाहिलं, एक आधी सुटतं आणि गाडी गोल फिरते. एकच लांब रबर दोन्हींतून ओवायचं ठरलं आहे, पण साधे रबरबँड त्याला आखूड पडतात. सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेली जुनी ट्यूब आणली, ती आडवी कापली की पाहिजे तेवढ्या रुंदीच्या रबरी कड्या मिळतात, उभी कापली तर लांब पट्ट्या. कुठली जास्त पीळ धरते, यावर दोन तट पडले आहेत. आज दुपारी दोन्ही करून बघायच्या आहेत, चढाव तिसऱ्या पुस्तकापर्यंत वाढवला आहे. तुमच्याकडे कुणी केली असेल तर मेणाची चकती एक पुरते की दोन लागतात, तेवढं कळवा.